बोटीला भोक पाडायच्या आधी

मंडळी, १६ जूनला इकडे मध्य प्रदेशात मासेमारीची बंदी लागते ती १५ ऑगस्टपर्यंत. कोकणातल्या आपल्या लोकांच्या बोटी तर १ जूनपासूनच किनाऱ्यावर. बोटी पालथ्या पडल्या की सगळ्यांच्या हातात ड्रिल मशीन येते. कुणाला मागच्या फळीला बूच बसवायचंय, कुणाला बर्फपेटीला पाणी काढायची नळी, कुणाला जिवंत मासळीच्या टाकीला खालून तोटी. कोकणात ट्रान्सपॉन्डरची वायर केबिनमध्ये घ्यायची असते. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला त्या एक लाख बोटींच्या योजनेची सुरुवात झाली तेव्हापासून हे कामही वाढलंय. म्हणजे चांगल्या धडधाकट बोटीला आपण आपल्याच हाताने भोक पाडतो. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आधी आमची चूक सांगतो, मग बाकीचं.

आम्ही करोंदला राहतो, भोपाळच्या उत्तरेला, मंडीच्या बाजूला. घरची माणसं मूळ भंडारा-गोंदियाकडची, काम तेच, जाळ्याचं. एक सोळा फुटी फायबरची बोट घेतली होती. तिला मागे बूच नव्हतं, पावसाचं पाणी डब्याने उपसावं लागे. म्हणून एक इंची पितळी बूच आणलं आणि घरीच बसवायला घेतलं. एक इंच म्हणजे पंचवीस मिलिमीटर, हा आमचा हिशेब. स्वस्तातल्या डब्यातला पंचवीसचा होल कटर लावला, साधी ड्रिल मशीन पूर्ण वेगाने सोडली. धूर निघाला, जळका वास सुटला, वरचा जेलकोट दोन बोटं टवके उडून गेला. एवढं करून बूच आत जाईना! मग बत्तिसचा कटर लावला. पण मधल्या पायलट ड्रिलला धरायला आता काहीच नव्हतं, मध्ये आधीच भोक. कटर नाचला, भोक लांबट झालं. उरलेलं कानसने घासलं, फट सिलिकॉनने भरली, चार स्क्रू मारले, वरून रंग लावला. दिसायला झकास.

दोन वर्षं काहीही झालं नाही. मग सप्टेंबरच्या सुरुवातीला हलाली धरणावर, मधोमध, जाळं ओढताना भाचा म्हणाला, "मामाजी, पाय ओले होऊन राहिले." आम्हाला वाटलं जाळ्याचं पाणी. वाकून बघतो तर बुचाची चकती स्क्रूसकट हलत होती, आणि हात लावला तशी हातातच आली. भोकात गमछा कोंबला. एकाने टाचेने तो दाबून धरला, एकाने भाताच्या गंजाने पाणी उपसलं, तिसऱ्याने वल्हं मारलं. जाळं रिकाम्या कॅनला बांधून तिथंच सोडलं. लाईफ जॅकेटं होती, पण घरी खुंटीला.

नंतर हिशेब केला. तेहतीस मिलिमीटरचं भोक पाण्याखाली अर्धा फूट असेल तर मिनिटाला साधारण पन्नास लीटर पाणी आत येतं. चार मिनिटांत दोनशे लीटर. म्हणजे तीन माणसांच्या बोटीत आणखी तीन माणसं बसल्यासारखं.

बोट घरी आणून फळी उघडली. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लाय असतो, तो चहात बुडवलेल्या टोस्टासारखा झाला होता. बाहेरून बोट नवीन, आतून भुसा. स्क्रू त्या भुशात उभे होते. पाणी शिरलं कुठून? बुचातून नाही. भोकाच्या आतल्या काठातून. आम्ही तो काठ उघडाच ठेवला होता आणि जळक्या, फाटक्या थरांच्या फटींतून प्लाय दोन वर्षं पाणी पीत राहिला.

मंडीजवळ ट्रॉल्या आणि टाक्या बनवणारे एक उस्ताद आहेत, त्यांच्याकडे बोट नेली. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "को खां, ये छेद किया है या चूहे ने कुतरा है?" बोलणं लागलं, पण खरं होतं. मग त्यांनी आमचा कटर हातात घेतला आणि दातांवरून अंगठा फिरवायला सांगितला. दात गुळगुळीत, एका भोकातच गेलेले. फायबरची बोट म्हणजे रेझिनमध्ये बसवलेली काच. काच पोलादाचे दात घासून खाते. त्यात रेझिन उष्णता वाहून नेत नाही, सगळा ताप दातांतच राहतो. म्हणून साधा कटर पाच मिनिटांत बोथट होतो, मग कापण्याऐवजी जाळायला लागतो. आम्हाला आलेला वास तो.

यावर उपाय म्हणजे कार्बाइडचे दात असलेला होल सॉ. पोलादाची वाटी, काठाला झाळून बसवलेले करड्या रंगाचे दात, मध्ये पायलट ड्रिल. दुकानात टीसीटी म्हणा. जुन्या मिस्त्र्यांना विडिया म्हटलं तरी कळतं. विडिया हे खरं तर जर्मन कंपनीचं नाव, 'हिऱ्यासारखं' या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून पडलेलं. १९२० च्या दशकात तिकडे विजेच्या बल्बची टंगस्टन तार ओढायला हिऱ्याचे साचे लागायचे, ते महाग पडत, म्हणून टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टमध्ये बांधून हा धातू तयार केला. तार ओढायची वस्तू कापायच्या कामाला आली, आणि आपल्याकडे त्याचं नावच विडिया पडलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. करोंदमध्ये 'कार्बाइड' म्हटलं की माणूस गप्प होतो. बैरसिया रोडनेच शहराकडे गेलं की तो कारखाना आहे. २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र इथल्या घराघरात आहे. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईने कटरच्या खोक्यावर तो शब्द ऐकला तेव्हा ती म्हणाली, हे घरात नको. तिला समजावलं ते तुम्हालाही सांगतो. कार्बाइड म्हणजे कार्बनशी जोडलेला पदार्थ, त्याचे प्रकार बरेच. पाणी लागलं की गॅस सोडणारं, पूर्वी रात्रीच्या मासेमारीच्या दिव्यात घालायचे आणि चोरून आंबे पिकवायला वापरतात ते कॅल्शियम कार्बाइड. त्या कंपनीचं नाव त्या जुन्या धंद्यावरून पडलेलं, आणि त्या रात्री सुटला तो वायू आणखी वेगळाच. दातातलं टंगस्टन कार्बाइड पाण्यात पडलं तरी त्याला काही होत नाही. बाईने ऐकून घेतलं. खोकं मात्र अजून बाहेर पडवीतच असतं.

आता भोक कसं पाडायचं ते.

आधी माप. आमची पहिली चूक इथंच झाली. नळाच्या आट्यांचा 'एक इंच' हा बाहेरून मोजला तर ३३.२५ मिलिमीटर भरतो. पाऊण इंची २६.४, दीड इंची ४७.८, दोन इंची ५९.६. म्हणजे एक इंची बुचाला ३४ किंवा ३५ चा कटर, पाऊण इंचीला २७ किंवा २८, दोन इंचीला ६०. पण आकड्यांवरही जाऊ नका, हातातलं फिटिंग कॅलिपरने मोजा. कॅलिपर नसेल तर पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून घालून बघा. पुठ्ठा फुकट असतो.

मग वेग. मोठी वाटी तितका वेग कमी. ३५ चा कटर साध्या मशीनवर मिनिटाला २८०० फेरे फिरवला तर त्याचा दात मिनिटाला तीनशे मीटर धावतो. एवढ्यात कोणताही दात जळेल. फायबरला पाचशे-सहाशे फेरे पुरे, स्टेनलेस स्टीलला दोनशे-अडीचशे. वेग कमी करता येणारी मशीनच घ्या, आणि तिचा बाजूचा दांडा लावल्याशिवाय काम करू नका. वाटी अडकली की मशीन मनगट पिरगाळते. हॅमरचं बटण बंद. कार्बाइड जितकं कठीण तितकं ठिसूळ, ठोका बसला की दात उडतो. काँक्रीटवर पडला तरी उडतो.

फायबरवर आधी चिकटपट्टी लावायची. पायलटने आरपार छोटं भोक घ्यायचं. मग मशीन उलटी फिरवून वाटीने जेलकोटवर गोल चर पाडून घ्यायची, त्याने टवके उडत नाहीत. नंतर सुलट फिरवून, जोर न लावता, अर्ध्यापर्यंत जायचं. मध्ये मध्ये वाटी बाहेर काढून भुसा झटकायचा. उरलेलं अर्धं आतल्या बाजूने, त्याच पायलटच्या भोकावरून. दोन्ही तोंडं स्वच्छ येतात. आमच्यासारखं आधीच लहान भोक पडलं असेल तर त्यात लाकडाची गोल खुंटी घट्ट ठोका किंवा मागे प्लायचा तुकडा आवळून बांधा, म्हणजे पायलटला धरायला जागा मिळते.

नाकाला एन-९५ मास्क, डोळ्याला चष्मा, पूर्ण बाह्या. फायबरची धूळ म्हणजे काचेचे बारीक काटे, दोन दिवस अंग खाजतं. अंगाला लागली तर चोळू नका, थंड पाण्याने धुवा. खाली ताडपत्री घाला, ती धूळ तळ्यात किंवा माशांच्या टाकीत जाता कामा नये. लहान मुलांना जवळ उभं करू नका. आपल्याकडे अशा कामाला निम्मी गल्ली जमते, आणि सगळ्यात पुढे पोरंच असतात.

आता काठ. बोट वाचते ती इथं. उस्तादांनी आमच्या फळीतला सडका प्लाय काढून नवीन मरीन प्लाय बसवला, फायबर चढवलं. मग सरळ ३५ चं भोक न पाडता आधी साठचं पाडलं. ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरलं, दोन दिवस वाळू दिलं, आणि त्या भरीव गोळ्याच्या मधोमध ३५ चं भोक घेतलं. आता बुचाभोवती चारी बाजूंनी बोटभर घट्ट इपॉक्सी आहे, पाण्याला प्लाय दिसतच नाही. स्क्रूही त्या इपॉक्सीतच. एवढा वेळ नसेल तर निदान कापलेल्या काठाला दोन-तीन हात रेझिन लावा. उघडा काठ ठेवू नका, वर कितीही रंग लावला तरी. आणि सिलिकॉन नको. पाण्याखाली ते सुटतं आणि त्याच्यावर पुन्हा दुसरं काही चिकटत नाही. बोटीसाठीचं पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड सीलंट मिळतं, ते वापरा.

कोकणातल्या मंडळींसाठी दोन शब्द वेगळे. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि फिटिंग आतून पोकळ होतं, म्हणून पाणरेषेखाली ब्राँझ, आणि तिथं व्हॉल्वशिवाय भोक नको. लाकडी बोटीवर नंतर फायबर चढवलेलं असेल तर आत जुने खिळे असतात. खिळा लागला की कार्बाइडचा दात तुटतो. अशा ठिकाणी खिळे बघून जागा ठरवा, नाहीतर तिथं बायमेटल कटरच बरा. तो लवकर बोथट होतो, पण धक्का सोसतो.

स्टेनलेस स्टीलचं थोडक्यात. मासळी कापायच्या टेबलाला पाणी जायचं भोक, बर्फपेटीच्या आतल्या पत्र्याला भोक. यासाठीचा टीसीटी कटर वेगळा येतो, बुटका, वर कडी असलेला, पातळ पत्र्यापुरता. तो बोटीच्या फळीला चालत नाही, चार-पाच मिलिमीटर गेला की अडतो. आमच्यातल्या एकाने तोच आणला होता, म्हणून सांगतो. स्टेनलेसवर कटर नुसता घासत राहिला तर पत्रा तिथं आणखी कडक होतो. म्हणून वेग कमी, दाब सारखा, कटिंग ऑइल थेंब थेंब, आणि चकती सुटेपर्यंत मध्ये थांबायचं नाही. सुटायच्या क्षणी मात्र हात हलका.

पैशाचं बोलायचं तर चांगल्या एका टीसीटी कटरच्या पैशात साध्या कटरचा अख्खा डबा येतो, आणि वर्षातून घरटी दोन-तीन भोकं पाडायची असतात. एकट्याने घेणं परवडत नाही हे आम्हालाही मान्य आहे. म्हणून आम्ही वर्गणी काढून चार घेतले. फायबरसाठी खोल वाटीचे २८, ३५ आणि ६०, आणि पत्र्यासाठी बुटका ३५. सोबत वेग कमी करता येणारी एक मशीन, चष्मे, कॅलिपर. वही ठेवली आहे. कोण घेऊन गेलं, किती भोकं पाडली, दात शाबूत परत आले का, ते लिहायचं. दात तुटला तर तुटला म्हणून लिहा, कुणी पैसे मागणार नाही. न सांगता परत ठेवला तर पुढच्याची बोट खराब होते.

पेटी सध्या करोंदला आमच्या पडवीत आहे. बंदी उठायच्या आधी ज्यांना हवी त्यांनी खाली कमेंटमध्ये नाव आणि दिवस लिहा, एका घराला दोन दिवस. येताना फिटिंग सोबत आणा, मापून कटर देऊ. आणि जुन्या बोटीला घरीच बूच बसवलं असेल तर ते एकदा काढून आतल्या काठाला पेचकस टोचून बघा. टोक आत गेलं तर तसंच बसवू नका. बोट इकडे आणा, उस्तादांशी बोलून ठेवलंय.