मणक्याची गादी आणि नुकसानभरपाईचा दावा

नांदगाव पेठला टोलनाका आहे, औद्योगिक वसाहत आहे आणि नागपूरकडून अमरावती-अकोल्याकडे जाणाऱ्या मालाची अहोरात्र वर्दळ आहे. याच महामार्गावर पुढे लोणी ते माना या टप्प्यात जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर सुमारे 105 तासांत टाकण्याचा गिनेस विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो, आणि बाजारपेठेसाठी पहाटे निघणाऱ्या आपल्या व्यापारी कुटुंबांचा संबंध या वेगाशी रोजचा आहे.

मागून ट्रकची धडक बसली तर हाड मोडतेच असे नाही. माणूस स्वतःच्या पायांनी मोटारीतून उतरतो आणि ‘थोडक्यात वाचलो’ म्हणत घरी येतो. पाठ आखडते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पुढे पायाला मुंग्या येतात, आणि एमआरआय केल्यावर कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील गादी सरकून नसेवर दाब आल्याचे कळते. तोवर पोलिसांत नोंद झालेली नसते आणि पहिल्या तपासणीच्या कागदावर पाठीचा उल्लेखही नसतो.

दाव्याची खरी अडचण येथे आहे. विमा कंपनीचा वकील हमखास म्हणतो की ही झीज वयाची आहे. त्यात तथ्यही असते, कारण चाळिशीनंतर कसलेही दुखणे नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसते. म्हणून न्यायालय अपघातापूर्वीची स्थिती आणि नंतरची स्थिती यांची तुलना करते. आधीच झिजलेला मणका अपघाताने बिघडला, तरी त्या बिघाडापुरती भरपाई मिळू शकते. मात्र पहिल्याच दिवशी डॉक्टरांना ‘कंबर दुखते’ असे सांगून ते लिहून घेतलेले असावे, आणि उपचारांची साखळी मध्ये तुटलेली नसावी.

दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. अपघात नांदगाव पेठला झाला आणि राहणे किंवा व्यवसाय अकोल्याचा असेल, तर तो अकोल्यातही दाखल करता येतो. 1 एप्रिल 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. ‘आधी बरे होऊ, मग पाहू’ असे म्हणणाऱ्यांचे नुकसान होते ते या मुदतीमुळे.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्के म्हणजे उत्पन्नाच्या हानीचे टक्के नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या निकालात स्पष्ट केले. तीच दुखापत कोणाचा धंदा बंद पाडते, तर कोणाचे थोडेच बिघडवते. त्यामुळे गठाणी उचलणाऱ्या हमालाचे, दिवसभर गाडी चालवणाऱ्याचे आणि गादीवर बसून सौदे करणाऱ्याचे नुकसान वेगवेगळे मोजावे लागते. ‘तुम्ही तर नुसते बसून असता’ हा युक्तिवाद व्यापाऱ्याला हटकून ऐकावा लागेल. पण या दुखण्यात बसणेच अवघड होते. सामायिकाची 48 मिनिटे एका आसनावर बसता येत नाही, हेही जीवनातील सुख हिरावले जाणे आहे. ते दाव्यात लिहावे.

त्या खटल्यातला दावेदार पनीर विकणारा होता. उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून न्यायाधिकरणाने ते महिना 900 रुपये धरले होते. फिरत्या विक्रेत्याकडून हिशेबाच्या वह्यांची अपेक्षा करू नये, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ते 1500 धरले. ही सवलत पेढी चालवणाऱ्याला मिळण्याची आशा कमी. त्याचे उत्पन्न मुख्यतः प्राप्तिकराच्या विवरणपत्रावरूनच ठरते.

उदाहरणादाखल, 38 वर्षांच्या व्यापाऱ्याच्या कमाईच्या क्षमतेत 20 टक्के घट झाली असे समजा. या वयाला 2009 च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे गुणक 15 लागतो, आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी 40 टक्के मिळवतात. कर वजा जाता वार्षिक उत्पन्न 3,60,000 असेल तर या एका सदराखाली 15,12,000 रुपये होतात. विवरणपत्रात 2,40,000 च दाखवले असतील, तर 10,08,000. कर वाचवण्यासाठी दडवलेले उत्पन्न न्यायालयात सिद्ध करायला जाणे म्हणजे आपल्याच सहीविरुद्ध साक्ष देणे होय. पाठीच्या दुखण्याने दुकानात जास्तीचा माणूस ठेवला असेल, तर त्याच्या पगाराची नोंद वहीत हवी, आणि पगार शक्यतो बँकेतून दिलेला असावा.

‘आपण त्याला क्षमा केली, आता कोर्टकचेरी कशाला?’ असे घरातील वडीलधारे म्हणतात. क्षमा चालकाला आहे, आणि ती जरूर करावी. भरपाई बहुधा विमा कंपनी देते, आणि तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे तो याचसाठी. नसलेले दुखणे रंगवणे किंवा बिले फुगवणे ही मात्र वेगळी गोष्ट झाली, आणि ती उघड झाली की खऱ्या दुखण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

लोकअदालतीत तडजोड लवकर होते, पण त्या निवाड्याविरुद्ध अपील नसते. शस्त्रक्रिया लागेल की नाही हे डॉक्टरांनी लेखी सांगेपर्यंत, आणि तिचा खर्च मागणीत धरला जाईपर्यंत, तेथे सही करू नये.