स्वतंत्र शाळांचे व्यवस्थापन : संशोधन व आधारसामग्री

शासकीय अनुदानावाचून, मुख्यतः विद्यार्थ्यांचे शुल्क व देणग्या यांच्या आधारे, स्वायत्त व्यवस्थापक मंडळामार्फत चालविल्या जाणाऱ्या शाळेस स्वतंत्र शाळा म्हणतात. भारतात अशी शाळा सामान्यतः खाजगी विनाअनुदानित शाळा म्हणून ओळखली जाते. तिचे उत्पन्न पटसंख्येवर अवलंबून असते. उलट शिक्षकांचे वेतन, इमारतीची देखभाल यांसारखा खर्च बव्हंशी स्थिर असतो. त्यामुळे शुल्क, प्रवेश व नोकरभरती यांविषयीचे निर्णय केवळ अनुभवावर न सोपविता पद्धतशीर माहितीच्या आधारे घेणे आवश्यक ठरते. चुकीच्या निर्णयाचा भार अखेरीस विद्यार्थी व शिक्षक यांनाच सोसावा लागतो.

आधारसामग्रीचे प्रकार : व्यवस्थापनास उपयुक्त माहितीचे स्थूलमानाने तीन गट पडतात. पहिल्या गटात प्रवेशअर्ज, प्रत्यक्ष प्रवेश, इयत्तावार पट व मध्येच शाळा सोडणाऱ्यांचे प्रमाण. दुसऱ्यात दरडोई खर्च, शुल्कसवलती, थकबाकी व राखीव निधी. तर तिसऱ्यात शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, शिक्षकांची अर्हता व त्यांच्या सेवेचा कालावधी यांचा समावेश होतो. हे गट परस्परसंबद्ध असतात. उदा., ४०० विद्यार्थ्यांच्या शाळेचा वार्षिक खर्च २ कोटी रुपये असल्यास दरडोई खर्च ५०,००० रुपये येतो व तेवढेच शुल्क घेतल्यास जमाखर्च जुळतो. निरनिराळ्या इयत्तांतील मिळून ४० विद्यार्थी कमी झाले, तरी एकही तुकडी बंद करता येत नाही; खर्च तोच राहतो आणि २० लाख रुपयांची तूट येते. ती भरून काढण्यासाठी शुल्क सुमारे ५५,५५६ रुपयांपर्यंत वाढवावे लागते व त्यामुळे आणखी काही पालक पाल्यांस काढून घेण्याचा संभव असतो. नव्या प्रवेशांमुळे एकूण पट कायम राहिल्यास ही गळती दिसून येत नाही. म्हणून एकूण पटापेक्षा इयत्तावार नोंद अधिक महत्त्वाची मानली जाते.

माहितीचे संकलन : एका शाळेच्या आकड्यांस समान स्वरूपाच्या इतर शाळांशी तुलना केल्याशिवाय पुरेसा अर्थ प्राप्त होत नाही. अमेरिकेत १९६२ मध्ये दोन संस्थांच्या एकीकरणातून स्थापन झालेली ‘नॅशनल असोसिएशन ऑफ इंडिपेंडंट स्कूल्स’ ही संघटना शुल्क, वेतन, प्रवेश व देणग्या यांविषयीची आकडेवारी सदस्य-शाळांना उपलब्ध करून देते. तेथील शिक्षण-सांख्यिकी केंद्र १९८९-९० पासून दर दोन वर्षांनी खाजगी शाळांचे सर्वेक्षण करते. ब्रिटनमध्ये ‘इंडिपेंडंट स्कूल्स कौन्सिल’ ही संस्था आपल्या सदस्य-शाळांची वार्षिक गणना प्रसिद्ध करते. तेथे १ जानेवारी २०२५ पासून खाजगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झाल्याने पटसंख्येच्या या आकड्यांस सार्वजनिक वादातही महत्त्व आले.

फलनिष्पत्तीविषयक संशोधन : परीक्षांचे निकाल हे शाळेच्या गुणवत्तेचे गमक म्हणून पुढे केले जातात, परंतु त्यांचा अर्थ लावणे सर्वांत कठीण असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन व त्यांचे सहकारी यांनी १,०१५ माध्यमिक शाळांच्या अभ्यासावरून १९८१ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, कौटुंबिक पार्श्वभूमी विचारात घेऊनही खाजगी, विशेषतः कॅथलिक, शाळांतील विद्यार्थी सरस ठरतात. अशा शाळांकडे मुळातच शिक्षणाविषयी अधिक जागरूक कुटुंबे वळतात, हा त्यावरील प्रमुख आक्षेप होता. रॉबर्ट पिआंटा व आरिया अन्सारी यांनी जन्मापासून वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केलेल्या मुलांच्या माहितीचे विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात कौटुंबिक उत्पन्नाचा प्रभाव वेगळा काढल्यावर खाजगी शाळांचे वरवर दिसणारे श्रेष्ठत्व जवळजवळ नाहीसे झाले.

भारतातील स्थिती : आंध्र प्रदेशातील १८० गावांत सोडत पद्धतीने शिष्यवृत्त्या देऊन कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांनी केलेला प्रयोग (२०१५) या दृष्टीने महत्त्वाचा आहे. चार वर्षांनंतर खाजगी शाळांत गेलेल्या मुलांची तेलुगू व गणित यांतील प्रगती इतरांइतकीच आढळली, हिंदीत मात्र ती अधिक होती. तथापि खाजगी शाळांचा दरडोई खर्च शासकीय शाळांच्या एकतृतीयांशाहूनही कमी होता. खाजगी शाळा एकाच वेळी अधिक काटकसरी असूनही मूलभूत विषयांत अधिक परिणामकारक नसू शकते, हे यावरून स्पष्ट होते.

देशातील शाळांची माहिती संकलित करणाऱ्या ‘यूडायस’ प्रणालीत प्रत्येक शाळेस ११ अंकी संकेतांक असतो. २०२२-२३ पासून तीत विद्यार्थिनिहाय नोंदी घेण्यास प्रारंभ झाला. सर्वोच्च न्यायालयाने टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्यात (२००२) विनाअनुदानित संस्थांना शुल्क ठरविण्याची स्वायत्तता व विकासापुरते वाजवी आधिक्य मान्य केले; नफेखोरी व देणगीशुल्क यांस मात्र मज्जाव केला. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमानुसार व्यवस्थापनाला प्रस्तावित शुल्काचा तपशील पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. त्यामुळे खर्चाची चोख नोंद ही केवळ अंतर्गत सोय न राहता पालकांप्रती असलेल्या उत्तरदायित्वाचा भाग बनते.

मर्यादा : संज्ञांच्या व्याख्या समान नसल्यास तुलना फसवी ठरते. एका शाळेने शुल्कात वाहतूक व भोजन यांचा खर्च धरला आणि दुसरीने तो वगळला, तर दोन आकड्यांतील फरकावरून काटकसर सिद्ध होत नाही. लहान शाळेत दहा विद्यार्थ्यांच्या निकालातील चढउतार योगायोगाचाही असू शकतो; म्हणून अनेक वर्षांचा कल पाहणे इष्ट ठरते. विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक माहितीची गुप्तता राखणेही आवश्यक असते. संघटनांच्या आकडेवारीत केवळ सदस्य-शाळांचेच प्रतिबिंब पडते आणि बंद पडलेल्या शाळा तीतून आपोआप गळतात. वस्तुतः व्यवस्थापनाला सर्वाधिक बोध त्यांच्याच अभ्यासातून होण्यासारखा असतो.