वर्दी उतरवून बिझनेस स्कूल: अर्ज कसा करायचा, आणि खरंच करायचा का?



सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात घरटी एक फौजी. त्यामुळे आपल्या वर्कशॉपला फौजेतले लोक हमखास असतात. त्यातले शॉर्ट सर्व्हिस कमिशनवाले अधिकारी मला एकच प्रश्न विचारतात, "सर, बाहेर पडलो की एमबीए करू का थेट धंदा?"

प्रश्न साधा नाही. शॉर्ट सर्व्हिसचा अधिकारी १० वर्षांनी, मुदत वाढवली तर १४ वर्षांनी बाहेर पडतो. वय ३२ ते ३८, पदरात बायको-मुलं, आणि पेन्शन नाही. हातात येतात ते एकरकमी पैसे. ते चुकीच्या ठिकाणी गेले तर परत मिळत नाहीत. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

१. कोणता कोर्स?

कॅट देऊन होणाऱ्या दोन वर्षांच्या एमबीएला बहुतेक मुलं २२ ते २५ वर्षांची असतात. तुमच्यासाठी जास्त योग्य आहेत ते अनुभवी लोकांसाठीचे एक वर्षाचे कोर्स. आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स, बंगळुरूचा ईपीजीपी, कलकत्त्याचा एमबीएईएक्स, हैदराबाद आणि मोहालीच्या आयएसबीचा पीजीपी, ही त्यातली मोठी नावं.

इथे जीमॅटचा स्कोअर चालतो. सध्याची जीमॅट सव्वादोन तासांची आहे. तीन भाग, प्रत्येकी ४५ मिनिटं, आणि स्कोअर २०५ ते ८०५ मध्ये. तो ५ वर्षं चालतो. म्हणजे परीक्षा नोकरीत असतानाच, पीस पोस्टिंगला असताना देऊन टाका. रिलीजची तारीख जवळ आल्यावर पुस्तक उघडलं तर उशीर झाला म्हणून समजा, कारण एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या कोर्सचे अर्ज आदल्या वर्षीच मागवतात.

दुसरा रस्ता आहे डीजीआरचा, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचा. त्यांच्यामार्फत नावाजलेल्या संस्थांत अधिकाऱ्यांसाठी साधारण सहा महिन्यांचे मॅनेजमेंट कोर्स होतात. फीपैकी ६० टक्के सरकार भरतं, ४० टक्के तुम्ही. ही पूर्ण एमबीए नाही, सर्टिफिकेट आहे. पण धंद्याची भाषा कळायला पुष्कळ आहे.

२. अर्जात फौजी भाषा नको

बरेच अर्ज इथेच मार खातात. निबंधात लोक लिहितात, "मी बटालियनचा क्वार्टरमास्टर होतो. सोपवलेली जबाबदारी चोख पार पाडली." फौजेत याचा अर्थ सगळ्यांना कळतो. अर्ज वाचणाऱ्या प्रोफेसरला काहीच कळत नाही.

हेच असं लिहा: "हिवाळ्यात काही महिने रस्ता बंद राहायचा. त्याआधी शेकडो जवानांचं रेशन, केरोसीन आणि गरम कपडे वर पोहोचवायचे होते. किती लागेल याचा अंदाज मी बांधला, काय आधी चढवायचं ते ठरवलं, कुठे नासाडी होते ते शोधलं." आता वाचणाऱ्याला दिसतं की या माणसाला मागणीचा अंदाज, साठा आणि वाहतूक कळते.

कंपनी कमांडर म्हणजे शंभर-सव्वाशे माणसांची रोजची जबाबदारी. अ‍ॅडज्युटंट म्हणजे अख्ख्या युनिटचं प्रशासन. ईएमई वर्कशॉप म्हणजे गाड्यांचा ताफा चालू ठेवणं. हुद्दा सांगू नका, काम सांगा.

दोन गोष्टी सांभाळा. एक, युनिट कुठे तैनात होतं, शस्त्रं कोणती, ऑपरेशन कसं झालं, हे लिहायचं नाही. ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट तुम्हालाही लागू आहे. अर्जासाठी लागणारी खात्याची परवानगी आधी घ्या. दुसरी, एखादं अपयश प्रामाणिकपणे लिहा. फौजी माणसाला ते जड जातं, पण "मी कधी चुकलोच नाही" म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

शिफारसपत्राचंही तसंच. सीओ साहेबांनी एसीआरच्या भाषेत "उत्कृष्ट अधिकारी" लिहून दिलं तर उपयोग शून्य. त्यांना भेटा, तुम्ही काय केलंत याचे दोन-तीन प्रसंग आठवण करून द्या आणि तेच लिहायची विनंती करा.

३. इंटरव्ह्यूतले तीन प्रश्न

फौज का सोडताय? आत्ताच का? आणि तुमच्यापेक्षा लहान वयाचा बॉस चालेल का? पहिल्या प्रश्नाला सिस्टिमला नावं ठेवू नका. पुढे काय करायचंय ते सांगा. "मला मॅनेजमेंट शिकायचंय" हे उत्तर नाही. "गावाकडच्या शेतमालासाठी कोल्ड स्टोरेज काढायचंय, माणसं सांभाळता येतात, पण ताळेबंद वाचता येत नाही" हे उत्तर आहे.

४. आता पैशाचं बोलू

मोठ्या संस्थांची वर्षाची फी ३० लाखांच्या वर गेली आहे. समजा ३० लाखांचं कर्ज १०.५ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतलं. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ५०,००० रुपये. शिवाय वर्षभर पगार नाही. हा हप्ता डोक्यावर असताना धंदा सुरू करायची हिंमत होत नाही. माणूस नोकरी धरतो आणि धंदा चार-पाच वर्षं पुढे जातो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या कंपनीत जायचं असेल, तर एक वर्षाचा कोर्स तुम्हाला नवीन दार उघडून देतो, जरूर करा. पण स्वतःचाच धंदा करायचा असेल, तर आधी डीजीआरचा कोर्स करा आणि उरलेलं भांडवल धंद्यासाठी राखा. एअर डेक्कनवाले कॅप्टन गोपीनाथ आठवा. तरुणपणीच फौज सोडली, आधी शेती केली, मग हेलिकॉप्टर कंपनी काढली आणि २००३ मध्ये स्वस्त विमानसेवा सुरू केली. एमबीए नव्हती. पुढे ती कंपनी त्यांच्या हातात राहिली नाही, हेही खरं. पण धंद्यात उतरायला त्यांना डिग्री लागली नाही.

आजचा गृहपाठ

फौजी असा वा नसा, एक कागद घ्या. मागच्या पाच वर्षांत केलेली तीन कामं लिहा, हुद्दा न लिहिता. तो कागद तुमच्या कामाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्या. त्याला कळलं, तर तुम्ही अर्जही लिहू शकता आणि बँकेच्या मॅनेजरसमोरही बसू शकता. नाही कळलं, तर पुन्हा लिहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. जय हिंद, जय महाराष्ट्र!