जालपटलाचे पोषण

जालपटल हा डोळ्याच्या मागील भागातील तंत्रिका कोशिकांचा पातळ थर होय. प्रकाशाचे संवेद ग्रहण करणाऱ्या शलाका व शंकू कोशिका आणि ते संवेद दृक् तंत्रिकेवाटे मेंदूकडे नेणाऱ्या गुच्छिका कोशिका हे त्याचे प्रमुख घटक आहेत. मानवात या कोशिका एकदा नष्ट झाल्यावर पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून त्यांच्या रक्षणास महत्त्व असून त्यात आहाराचाही वाटा आहे.

शलाकांतील रोडॉप्सीन हे रंगद्रव्य जीवनसत्त्व अ पासून बनते. त्याच्या न्यूनतेमुळे प्रथम रातांधळेपणा येतो. पुढे स्वच्छमंडल कोरडे व मऊ होऊन कायमचे अंधत्व येऊ शकते. भारतात बालकांना या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. थायामीन, फॉलिक अम्ल व जीवनसत्त्व ब१२ यांच्या अभावी गुच्छिका कोशिकांना इजा होते आणि मध्यवर्ती दृष्टी व रंगज्ञान मंदावते. क्यूबात १९९१–९३ मधील अन्नटंचाईच्या काळात सुमारे ५०,००० लोकांना तंत्रिकांचा असा विकार झाला; ब-गटातील जीवनसत्त्वे दिल्यावर साथ ओसरली.

पालघर जिल्ह्यातील वाढवणच्या किनाऱ्यावर आणि डहाणू व तलासरी तालुक्यांच्या आदिवासी पट्ट्यात या घटकांचे स्रोत परिसरातच मिळतात. मासळीत जीवनसत्त्व ब१२ असते. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत जालपटलास आवश्यक अशी मेदाम्लेही असतात. शेवग्याचा पाला, टाकळा, माठ या भाज्यांतून कॅरोटीन व ल्युटीन मिळते. मात्र त्यांच्या शोषणासाठी जेवणात थोडे तेल हवे. तांदळात कॅरोटीन जवळजवळ नसते व डहाणूच्या प्रसिद्ध चिकूतही ते अल्पच असते. त्यामुळे भात व चिकू यांनी पोट भरले, तरी ही गरज भागत नाही. पिकलेला आंबा व पपई ही फळे त्या दृष्टीने अधिक उपयुक्त होत.

आहाराचे सामर्थ्य मर्यादित आहे. न्यूनताजन्य विकार त्याने टळतात. वार्धक्यातील पीतबिंदूच्या ऱ्हासात ठराविक जीवनसत्त्वे व जस्त यांच्या मिश्रणाने मध्यम अवस्थेतील रोगाची वाढ मंदावते, असे अमेरिकेतील २००१ च्या चाचणीत आढळले. परंतु धूम्रपान करणाऱ्यांना त्यातील बीटा-कॅरोटीन अपायकारक ठरते. काचबिंदूत नेत्रांतर्गत दाब कमी करणे हाच सिद्ध उपचार आहे. आहार त्याला पर्याय ठरत नाही. भाजीपाल्याच्या भरवशावर औषध थांबविल्यास गमावलेली दृष्टी परत मिळत नाही.