सिझेरियननंतरची कंड

खर्डीजवळच्या एखाद्या पाड्यावरील स्त्री बाळंतपणांत अडली, म्हणजे तिला मुंबई-आग्रा रस्त्यानें शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयांत, आणि प्रसंगीं त्याच्याहि पुढें ठाण्याकडे न्यावें लागतें. सिझेरियन निर्विघ्न पार पडतें. पाठींतून भूल दिलेली असल्यामुळें आई जागी असते व मुलाचें पहिलें रडणें तिच्या कानीं पडतें. परंतु कांहीं वेळानें ती नाक चोळूं लागते, मग गाल, मान आणि छाती खाजवूं लागते. सोबतची सासू घाबरते. कोणी म्हणतें औषध बाधलें, कोणी म्हणतें दृष्ट लागली. शहरांतील सुशिक्षित घरांतहि याहून फारसें निराळें घडत नाहीं. तेथें ‘दृष्ट’ या शब्दाऐवजीं ‘ॲलर्जी’ हा शब्द येतो, इतकेंच.

बहुधा हें दोहोंपैकीं एकहि नसतें. पाठींतून भूल देण्याची रीत जर्मन शस्त्रवैद्य ऑगस्ट बीअर यानें १८९८ सालीं कील येथें यशस्वी करून दाखविली. मज्जारज्जूभोंवतींच्या द्रवांत बधिरतेचें औषध सोडलें, कीं छातीखालचा भाग कांहीं काळ संवेदनाहीन होतो. ती बधिरता ओसरतांच टांक्यांची वेदना सुरू होते. म्हणून त्याच सुईंतून मॉर्फिन किंवा फेंटानिल यांसारखें अफूच्या वर्गांतील औषध अत्यल्प प्रमाणांत देतात. अशा रीतीनें दिलेल्या मॉर्फिननें माणसाची वेदना शमते, हें अमेरिकेंतील डॉक्टरांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलें, आणि पुढें ही रीत जगभर रुजली. फेंटानिलचा गुण कांहीं तास टिकतो. मॉर्फिनचा जवळजवळ अहोरात्र.

या गुणाबरोबरच कंड येते, आणि बाळंतिणींत ती विशेष आढळते. तिचें मूळ कातडींत नसून मज्जातंतूंत आहे. डांस चावला म्हणजे कातडींत हिस्टामिन नांवाचें द्रव्य सुटतें व गांधी उठते. येथें तसें होत नाहीं. उंदरांवरील प्रयोगांवरून असें दिसतें, कीं मज्जारज्जूंतील ज्या पेशी एरवीं कंडेस आवर घालतात, त्याच या औषधानें निजतात आणि कंड मोकळी सुटते. म्हणूनच ॲलर्जीची नेहमींची गोळी येथें फारशी लागू पडत नाहीं. तिनें झोंप मात्र येते. आणि मुलाला प्रथमच छातीशीं घेणाऱ्या आईस नेमकी तीच नको असते.

खरा उपाय मात्रेंत आहे. मॉर्फिनचें प्रमाण वाढविलें म्हणजे कंड वाढते, पण वेदनाशमन त्या मानानें वाढत नाहीं. यास्तव हल्लीं एका मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा किंवा त्याहून किंचित् अधिक एवढीच मात्रा पुरेशी मानतात. इतकेंहि करून कंड असह्य झाली, तर भूलतज्ज्ञ शिरेंतून नालबुफीन अल्प प्रमाणांत देतात. तें कंड शमवितें आणि वेदनेवरचा ताबाहि बहुतेक राखतें. नॅलोक्झोननेंहि कंड जाते. परंतु त्याची मात्रा जरा अधिक झाली, कीं दबलेली वेदना पुन्हा जागी होते.

घरच्या माणसांनीं दोन गोष्टी ओळखाव्यात. अंगावर गांधी उठणें, ओंठ सुजणें किंवा धाप लागणें हीं खऱ्या ॲलर्जीचीं चिन्हें होत. बाळंतीण हांकेस ओ देईनाशी झाली किंवा तिचा श्वास फार मंद झाला, तर तो औषधाचा अतिरेक असूं शकतो. दोन्ही प्रसंगीं क्षणहि न दवडतां परिचारिकेस बोलवावें.

एरवीं ही कंड औषधाचा अंमल उतरतांच आपोआप जाते; पण म्हणून ती मुकाट्यानें सोसावी, असें नाहीं. बाळंतिणीनें सोसावयाचेंच असतें, या जुन्या समजुतीमुळें पुष्कळजणी बोलत नाहींत, आणि पुढच्या खेपेस पाठींतली सुईच नको म्हणतात. तसें केल्यानें कंड टळेल खरी, पण वेदनेवरचा एक चांगला उपाय हातचा जाईल. त्यापेक्षां पूर्वीं कंड झाली होती एवढें शस्त्रक्रियेपूर्वीं भूलतज्ज्ञांस सांगावें. मात्रा ठरविणें त्यांच्या हातीं असतें. सांगणें मात्र तिच्याच.