गल्ली पुढे निघते का?

शुगर किंवा बीपी निघाले की डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. सल्ला योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटे अंग हलवायला सांगते. पण आपण किती चालतो, हे आपल्या गल्ल्या कशा आखल्या आहेत यावरही ठरते.

केजमध्ये बीड, अंबाजोगाई, कळंब आणि धारूरकडचे रस्ते मिळतात. अशी गावे रस्त्यांच्या कडेने लांबत जातात. एकेका वावराचे प्लॉट पडतात. प्रत्येक मालक आपल्यापुरता रस्ता ठेवतो. तो मोठ्या रस्त्यावरून आत येतो आणि शेवटच्या भिंतीला टेकतो. शेजारच्या प्लॉटिंगचा रस्ताही तसाच. मध्ये कुंपण.

समजा, शाळा सरळ 200 मीटरवर आहे. मधून वाट असेल तर लेकरू तीन मिनिटांत पोचते. वाट नसेल तर मोठ्या रस्त्याने वळसा घालून 1200 मीटर, म्हणजे पंधरा मिनिटे. तेही ट्रक आणि उसाच्या ट्रॅक्टरांच्या कडेने. मग घरोघर मोटारसायकल निघते आणि चालणे सुटते. रात्री बाळंतपणाच्या कळा आल्या आणि गल्लीच्या तोंडाशी वाळूचा ढीग असला, तर 108 च्या गाडीला आत यायला दुसरी वाटच नसते.

हे जगभर घडते आहे. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी जगातल्या रस्त्यांचे नकाशे तपासून 2020 मध्ये निष्कर्ष मांडला: 1975 पासून बहुतेक देशांत नवे रस्ते एकमेकांना कमी जोडले जात आहेत. बोलिव्हिया, पेरूसारख्या देशांत मात्र चौकोनी, आरपार आखणी बरीच टिकून आहे. म्हणजे हे टाळता येते.

आपल्या वस्त्या गावकुसाबाहेर ठेवल्या गेल्या होत्या. आता गाव वस्तीच्याही पलीकडे वाढते आहे. नवे रस्ते वस्तीला वगळून गेले, तर आपण पुन्हा बाहेरच राहू. शिवाय घरे झाल्यावर रस्ता काढायचा तर कुणाचे तरी घर पडते, आणि ते बहुधा गरिबाचे असते. म्हणून मागणी आधीच करायला हवी.

गुंठ्याने प्लॉट घेताना नकाशा मागा आणि रस्ता पुढे कुठे निघतो ते विचारा. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकती व सूचना मागवल्या जातात. मुदतीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पूर्ण रस्ता होत नसेल तर निदान पायवाट मागा.

रविवारी विहारात वंदना झाली की सगळे मिळून वस्तीला एक फेरी मारू. जिथे वाट बंद आहे तिथे कागदावर खूण करू आणि तो कागद नगरपंचायतीत देऊ. त्या दिवसाचे चालणेही होईल.