तोतयाला ओळखणारे

खुनाच्या रहस्यकथेत बहुधा मेलेला कोण हे माहीत असते आणि मारणारा कोण हे शोधायचे असते. स्मृतिभ्रंश आणि लपलेली ओळख यांवर उभ्या राहिलेल्या रहस्यकथेत हा क्रम उलटतो. माणूस जिवंत समोर उभा असतो, बोलतो, जेवतो, नातेवाइकांची नावे घेतो. पण तो कोण हेच ठरत नाही. लोकांनी ज्याला केव्हाच अग्नी दिला तोच हा, की त्याचे नाव चोरलेला दुसरा कोणी, एवढ्या एका प्रश्नावर सगळी कथा तोललेली असते. पेशवाईच्या इतिहासात ही कथा खरोखर घडली आहे. तिच्यात बेपत्ता सेनापती आहे, वाड्यातला खून आहे आणि दोनदा चौकशी झालेला तोतयाही आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले आणि त्यानंतर मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. त्यांना पडताना पाहिले असे छातीठोकपणे सांगणारा विश्वासू माणूस दक्षिणेत परतला नाही. शत्रुपक्षातल्या सुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने मात्र रणातल्या प्रेतांच्या शोधाची हकिकत लिहून ठेवली आहे. शिर नसलेले एक धड सापडले आणि त्याच्यापाशी तीन मौल्यवान मोती होते. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पायावर शुभ मानल्या जाणाऱ्या रेषा आणि पाठीवर जुन्या जखमेचा व्रण, अशा खुणा जुळवून ते धड भाऊंचे ठरवले गेले. पाठीवरचा व्रण हा यातला सर्वांत वजनदार पुरावा. मुजफ्फरखान गारद्याने १७५९ मध्ये भाऊंवर कट्यारीचा वार केला होता, ही गोष्ट सर्वश्रुत होती. आजच्या तपासी अंमलदारालाही या पंचनाम्यात फारसे उणे काढता येणार नाही. फक्त हा पंचनामा परक्या छावणीत झाला आणि पुण्याला पोचली ती मोत्ये गळाल्याची सांकेतिक बातमी. घरच्या माणसाने प्रेत पाहिलेच नाही.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावरून वाचून परत आल्या. पती गेला हे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, त्या सौभाग्यचिन्हे बाळगून राहिल्या. आजच्या कायद्यात सात वर्षे ज्याचा ठावठिकाणा नाही तो मृत असल्याचे गृहीत धरता येते. त्या काळी मात्र पेशव्यांच्या घरातल्या कर्त्या स्त्रीचे मन हा काही किरकोळ पुरावा नव्हता. भाऊ जिवंत असतील ही शंका वाड्यातच जागी होती, मग बाजारात तिला पाय फुटायला कितीसा वेळ लागणार?

ही शंका भांडवल म्हणून वापरणारा माणूस बुंदेलखंडाच्या बाजूला निघाला. सुखलाल, काही कागदांत सुखनिधान, असे त्याचे नाव. तो कनोजी ब्राह्मण होता. चेहरेपट्टीत भाऊंशी साम्य होते, असे सांगतात. आपणच भाऊ, रणातून निसटलो आणि इतके दिवस गुप्त राहिलो, असे तो सांगू लागला. माणसे जमली, पैसा जमला. अखेर त्याला पकडून पुण्याला आणले गेले आणि १७६५ मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्याची चौकशी लावली. भाऊंना जवळून पाहिलेली माणसे पुण्यात हयात होती. चेहरा सारखा असला तरी घरातल्या गोष्टी, नाती, जुने प्रसंग या परीक्षेत तो टिकला नाही आणि आपण भाऊ नसल्याचे त्याने कबूल केले. माधवरावांनी त्याला ठार न मारता किल्ल्यांवर कैदेत ठेवले. पुढचे पाहता हा निर्णय महागात पडला, पण त्या क्षणी तो शहाणपणाचाच असावा. घाईने मारलेल्या तोतयाबद्दल लोक म्हणतात की खरा होता म्हणूनच मारला.

हे प्रकरण इथेच मिटायचे, पण मध्ये एक खून झाला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी कापून काढले. धरण्याच्या हुकुमात एक अक्षर बदलून तो मारण्याचा केला, ही 'ध चा मा'ची कथा मराठी घरात पोराटोरांनाही ठाऊक आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी या खुनाचा तपास करून नारायणरावांचे काका रघुनाथराव यांना दोषी ठरवले. रघुनाथराव पेशवे झाले खरे, पण कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध एकजूट केली. हेच बारभाईंचे कारस्थान. नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित ठेवण्यात आले आणि एप्रिल १७७४ मध्ये तिथे सवाई माधवरावांचा जन्म झाला. त्या डोंगराळ मुलखातून मराठी राज्याचा कारभार तान्ह्या पेशव्याच्या नावाने चालू लागला. त्यातही विरोधकांनी या मुलाच्या जन्माविषयी कुजबूज उठवलीच. म्हणजे गादीवरच्या बाळाचीही ओळख वादातून सुटली नव्हती.

अशा वेळी कर्त्या वयाचा, लढवय्या, सर्वांना नावाने माहीत असलेला पेशवे घराण्यातला पुरुष 'सापडणे' किती जणांच्या सोयीचे होते, हे लक्षात घेतले की १७७६ चे बंड समजते. रत्नागिरीचे मामलेदार रामचंद्र नाईक परांजपे यांच्या ताब्यात तोतया कैदी होता. त्यांनीच त्याला मोकळे करून भाऊसाहेब म्हणून पुढे केले. अकरा वर्षांपूर्वीचा कबुलीजबाब दफ्तरात पडून होता, पण कोकणातल्या किल्ल्यांवर तो वाचायला कोण बसले होते? एकेक ठाणे तोतयाला मिळत गेले. बारभाईंवर नाराज असलेले, नोकरी गेलेले, लुटीच्या आशेने आलेले आणि मनापासून विश्वास बसलेले असे सगळे एकत्र झाले. यातल्या कितींना तो खरा वाटत होता आणि कितींना तसे वाटून घेणे परवडत होते, हे वेगळे काढणे अवघड आहे. फौज बोरघाटापर्यंत चढली, तेव्हा पुण्यात धास्ती पसरली.

महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. तोतया पळून समुद्राकडे गेला. मुंबईकर इंग्रजांकडे आसरा मिळेल ही त्याची आशा फोल ठरली आणि कुलाब्याच्या रघूजी आंग्र्यांनी त्याला धरले. पुण्यात नाना फडणविसांनी त्याला पुन्हा पंचांपुढे उभे केले. लष्करी दृष्टीने बंड संपले होते, मग ही दुसरी चौकशी कशासाठी? कारण बंडखोराला शिक्षा देणे सोपे असते, पण त्याचे नाव खोटे ठरवायला साक्षी लागतात. लोकांसमोर त्याची ओळख खोटी ठरली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. त्याला साथ देणाऱ्यांनाही शासन झाले. न. चिं. केळकरांनी पुढे याच विषयावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले.

सुखलालने एक गोष्ट केली नाही, ती म्हणजे विस्मरणाचा आधार घेणे. घरातल्या प्रश्नांना उत्तरे देता येईनात तेव्हा 'डोक्याला मार बसला, आठवत नाही' असे तो म्हणाला असता, तर पंचांचे काम फार कठीण झाले असते. दीडशे वर्षांनी बंगालमध्ये नेमके हेच झाले. ढाक्याजवळच्या भावल जमीनदारीचे मधले कुमार रमेंद्रनारायण रॉय १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारले, असे जाहीर झाले. डिसेंबर १९२० च्या सुमारास ढाक्यात नदीकाठी एक राख फासलेला संन्यासी येऊन बसला. लोकांनी त्याला कुमार म्हणून ओळखले आणि पुढे त्यानेही ते मान्य केले. त्याची हकिकत अशी : विषप्रयोग झाला, स्मशानात वादळी पावसाने लोक पांगले, नागा साधूंनी आपल्याला वाचवले, स्मृती गेली आणि ती वर्षांमागून वर्षे हळूहळू परतली. बहीण त्याच्या बाजूने होती, पत्नीने त्याला ओळखायला साफ नकार दिला. जमीनदारी सरकारी व्यवस्थापनाखाली होती, त्यामुळे सरकारने त्याला तोतया ठरवले आणि रयतेने राजा मानले. १९३० मध्ये दावा दाखल झाला. दीड हजारांच्या आसपास साक्षीदार तपासले गेले. न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी ऑगस्ट १९३६ मध्ये संन्याशाच्या बाजूने निकाल दिला. तो कलकत्ता उच्च न्यायालयात आणि शेवटी जुलै १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्येही टिकला. त्यानंतर थोड्याच दिवसांत दावेदाराचा मृत्यू झाला. इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही.

भावल खटल्यात आठवणी कमी पडल्या तेव्हा न्यायालयाने शरीराकडे मोर्चा वळवला. जखमांचे व्रण, तीळ, कानांची ठेवण, पायाची कातडी असे एकेक लक्षण तपासले गेले. थोडक्यात, काशीराज पंडिताने पानिपतावर वापरलेलीच पद्धत.

वैद्यकशास्त्राच्या बाजूने पाहिले तर सिनेमातला स्मृतिभ्रंश आणि खरा स्मृतिभ्रंश यांत मोठे अंतर आहे. डोक्याला मार लागल्यावर बहुधा अपघाताच्या आधीचा काही काळ पुसला जातो आणि नव्या गोष्टी लक्षात राहत नाहीत. स्वतःचे नाव, आई, घर एवढे मात्र सहसा राहते. दुसऱ्या फटक्याने स्मृती परत येणे ही तर निव्वळ पटकथाकारांची सोय आहे. याउलट नाव-गाव विसरायला लावणारा एक विकार आहे, पण त्याचे मूळ जखमेत नसून असह्य मानसिक ताणात असते. अशा माणसाची भाषा शाबूत राहते, हिशेब येतो, सायकल चालवता येते. गेलेले असते ते फक्त स्वतःचे चरित्र. क्वचित तो घर सोडून दूर जातो आणि नव्या नावाने राहू लागतो. अमेरिकेत १८८७ मध्ये अँसेल बोर्न नावाचा धर्मोपदेशक असाच परगावी जाऊन दुसऱ्या नावाने दुकान चालवत राहिला आणि एके दिवशी जागा होऊन आपण इथे कसे म्हणून विचारू लागला. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी त्याची तपासणी केली. रहस्यकथांची सम्राज्ञी अगाथा ख्रिस्ती डिसेंबर १९२६ मध्ये अकरा दिवस नाहीशी झाली, तेव्हा ती हॅरोगेटच्या हॉटेलात नवऱ्याच्या प्रेयसीचे आडनाव लावून राहत होती. कुटुंबाने स्मृतिभ्रंशाचे कारण दिले. ते आडनाव पाहता हे कारण सगळ्यांना पटले नाही, यात नवल नाही.

मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने हा विषय साठच्या दशकात उचलला आणि दोन्ही वेळा तो कोर्टात नेला. आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' १९६२ मध्ये आले. सीमाभागातल्या निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे वेगवेगळी नावे आणि वेष घेऊन लोकांना, विशेषतः स्त्रियांना फसवत जातो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात एकेका साक्षीदाराला ओळखायचे नाकारतो. प्रभाकर पणशीकरांनी ही सगळी रूपे फिरत्या रंगमंचावर उभी केली. सुखलाल दुसऱ्याचे नाव आपले म्हणून सांगत होता, लखोबा स्वतःचेच नाव झटकतो. प्रेक्षकाला सत्य पहिल्यापासून माहीत असूनही नाटक पकड सोडत नाही, ही अत्र्यांची करामत. राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'मध्ये (१९६४) उलट प्रेक्षकही अंधारात असतो. वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत गेलेली आहे आणि पोलिसांनी पकडलेली, हुबेहूब तशीच दिसणारी आरोपी स्त्री मीच तुमची बायको म्हणते. नवरा-बायकोंतल्या खाजगी गोष्टी ती भर कोर्टात सांगते. चेहरा पटतो, आठवणी पटतात, पण जाळलेले प्रेत आड येते. उकल जुळ्या बहिणीत आहे. या चित्रपटावरून हिंदीत 'मेरा साया' (१९६६) निघाला, त्यात सुनील दत्त आणि साधना होते.

आजच्या तपासात जुळ्या बहिणींची युक्तीही फार काळ टिकणार नाही. समरूप जुळ्यांचा डीएनए जवळपास सारखा असला तरी बोटांचे ठसे वेगळे असतात. ठशांचे जगातले पहिले कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले आणि ठशांच्या वर्गीकरणाचे बरेचसे काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी केले. डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये शोधली.

अनोळखी प्रेत सापडले की पोलीस ठाण्यात प्रथम आकस्मिक मृत्यूची नोंद होते. पंचनामा होतो, अंगावरचे कपडे, गोंदण, दागिने, खिशातल्या वस्तू टिपल्या जातात, आसपासच्या ठाण्यांतल्या बेपत्तांच्या नोंदी पडताळल्या जातात आणि शवविच्छेदन होते. जानेवारी २०२३ मध्ये दौंड तालुक्यात पारगावजवळ भीमेच्या पात्रात काही दिवसांच्या अंतराने एकाच कुटुंबातल्या सात जणांचे मृतदेह मिळाले. हे सगळे एका घरचे आहेत हे उलगडेपर्यंत प्रकरणाला आकारच नव्हता आणि उलगडल्यावरही आधी सामूहिक आत्महत्येचा तर्क झाला. तपास पुढे गेला तसा तो मागे पडून यवत पोलिसांत खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि नात्यातल्याच माणसांना अटक झाली. जिवंत सापडलेल्या, पण नाव सांगू न शकणाऱ्या माणसासाठी यातली अर्धी साधने निकामी असतात. ठसा जुळवायला आधीचा ठसा लागतो आणि डीएनए जुळवायला रक्ताचे नातेवाईक. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात डॉ. भरत वाटवानी यांनी रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवले. या कामासाठी २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे औषधाने मन थोडे स्थिरावले की रुग्णाच्या तोंडून गावाचे, नदीचे, देवळाचे एखादे नाव निघते आणि त्यावरून कार्यकर्ते त्याच्या गावापर्यंत जातात. दार उघडणाऱ्याने ओळखले की मग तपास संपतो.